वरची ओळ

“हं, तर किसन, तू कोणत्या जातीत आहेस?” चष्मा पुसता पुसता कृष्णरावांनी विचारलं, आणि मी म्हणालो, “बौद्ध.”

दारात त्यांच्या पत्नी इंदिराबाई गहू पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं. कृष्णरावांच्या हातातला चष्मा हातातच राहिला आणि चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे मला पहिल्यांदाच दिसले. लहान, पाणावलेले, काहीतरी चुकलंय पण नेमकं काय ते न कळलेले. मग त्यांना कळलं, आणि मलाही कळलं. त्यांचा प्रश्न काउंटरपॉइंटच्या जातीबद्दलचा होता. एका ओळीवर दुसरी ओळ बसवायची ही विलायती विद्या पाच टप्प्यांत शिकवतात. त्या टप्प्यांना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं मराठी कृष्णरावांनी स्वतःच्या डोक्यानं ‘जात’ असं केलं होतं, कारण आपल्याकडे रागांना जाती असतातच. पहिल्या जातीत एका सुरासमोर एकच सूर. दुसरीत एकासमोर दोन. तिसरीत चार. चौथीत वरचा सूर जागेवर अडकून राहतो, आणि पाचवी म्हणजे सगळ्यांची खिचडी. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावून लिहून घेतलं होतं. मधे ते भाचीच्या लग्नाला देवासला गेले, तिथेच आजारी पडून राहिले, आणि परत आल्यावर मास्तरानं विद्यार्थ्याला विचारावा तसा साधा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर ‘पहिली’ असं होतं.

“अरे भिया!” कृष्णराव एकदम मोठ्यानं म्हणाले. “मैं तो… मतलब मी कितवी जात विचारतोय. पहिली, दुसरी—”

“पहिली,” मी म्हणालो.

“बस, मग तेच. पहिली.” ते हसले, मीही हसलो. आम्ही दोघं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ हसलो. मग सूप पुन्हा सुरू झालं, पण आधीच्या लयीत नाही, असं मला वाटलं. त्या दिवसांत मला पुष्कळ काही काही वाटायचं.

घरी जाताना मी स्टेशनच्या बाजूनं मुद्दाम लांबून गेलो. चिडलो होतो, आणि कोणावर चिडावं ते कळत नव्हतं. कृष्णरावांवर चिडण्यासारखं काही नव्हतं. स्वतःवर चिडावं तर मी खोटं काय बोललो होतो? दोन वर्षांपूर्वी बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि परतल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की आता कुणी विचारलं तर मान खाली घालायची नाही, सरळ सांगायचं. त्याआधी तो प्रश्न आला की माझं उत्तर अर्धं गिळलं जायचं. आता नवा शब्द मिळाला होता आणि मी तो खिशात तिकिटासारखा तयार ठेवून हिंडत होतो, की विचारा कुणीतरी, दाखवतो. पण शहराची गंमत अशी की विचारायला कुणी तयार नाही. इथे लोक आडनाव विचारतात, गाव विचारतात, पाहुण्यांत कोण कोण असतं ते विचारतात, आणि मग आपलं आपण समजून गप्प होतात. माझं तिकीट खिशात चुरगळत राहिलं. शेवटी ते मी मान ताठ करून दाखवलं, ते एका म्हाताऱ्या माणसाला, जो मला एका सुरासमोर किती सूर लिहितोस एवढंच विचारत होता. कुणाला सांगितलं असतं तर हसून हसून पोट दुखलं असतं. पण सांगायला कुणी नव्हतं.

हे नवं राज्य झाल्यापासून मी जास्तच एकटा पडलो होतो. राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या आमच्या तुकोगंजातल्या कचेरीतली निम्मी माणसं फायलींबरोबर तिकडे गेली. ज्यांच्याशी मी डबा खाताना दोन शब्द बोलत असे, ते चिंतामण आणि पांडुरंग दोघंही गेले. त्यांची टेबलं मात्र राहिली, कारण ती नेण्याचा हुकूम निघाला नाही. दुपारी मी त्या रिकाम्या टेबलांच्या रांगेत एकटाच बसून डबा उघडायचो आणि गिरण्यांचे भोंगे ऐकायचो. आधी एका गिरणीचा भोंगा होई, तो थांबायच्या आत दुसरीचा, किंचित वरच्या सुरात. ते दोन सूर एकमेकांना घासत राहायचे. कचेरीतला चपराशी तुकोजी म्हणायचा, “साला कान फाडून टाकेल एक दिन.” मला ते घासणं आवडायचं. निदान दोन होते.

मी हे शिकायला का गेलो, हे कृष्णरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि मी, “आवड आहे,” एवढंच म्हणालो होतो. आवड कसली? माझं कारण महूला, आमच्या घरामागच्या अंगणात, खाटेवर बसलेलं होतं.

माझा बा वाल्मिक पलटणीच्या बँडमध्ये होता. तो वाजवायचा तो पितळेचा मोठा बाजा, पोटाशी धरायचा, ज्याला साहेबलोक युफोनियम म्हणत आणि आमच्या गल्लीत सगळे ‘ढुमढुम्या’ म्हणत. कधीकधी बाजा घरी न्यायची परवानगी मिळायची. मग संध्याकाळी बा अंगणात बसून सराव करायचा. बँडमध्ये चाल वाजवायची ती क्लॅरिनेटवाल्यांनी, कॉर्नेटवाल्यांनी. बाच्या वाट्याला असायची खालची ओळ, आणि घरी तो तीच एकटी वाजवायचा. इतर पोरांचे बाप कुणी तमाशातलं गात, कुणी भजन म्हणत, आणि माझा बा काय वाजवी ते कुणालाही कळायचं नाही. सूर यायचा, थांबायचा, बराच वेळ काहीच नाही, मग भलत्याच ठिकाणी पुन्हा सुरू व्हायचा. पोरं म्हणायची, “किसन्याच्या बापाला गाणं येत नाही, नुसता फुंकतो.” माझी आई चंपा भजनात पुढे बसणारी बाई. तिचा आवाज असा की सगळी वस्ती तिच्यामागे एका सुरात जायची. तीसुद्धा म्हणायची, “तुमच्या बाज्याला चाल नाही, चेहरा नाही, काय ऐकायचं?” बा डोळे मिटून वाजवायचा. त्या डोळे मिटण्यामुळे मी लहानपणीच एक ठरवून टाकलं होतं, की बाला वरची चाल ऐकू येत असणार. ती त्याच्या कानात पूर्ण वाजत असणार, म्हणून तर तो अशी मधे मधे वाट बघतो. आमच्या घरात ती फक्त त्याला ऐकू येते आणि आम्ही सगळे बाहेर उभे आहोत. परेडच्या मैदानाकडे आम्हा पोरांना फिरकू द्यायचे नाहीत, त्यामुळे सगळा बँड एकत्र वाजताना मी कधी ऐकलाच नाही.

बाच्या ओळींतली एक माझ्या डोक्यात कायमची बसली. सावकाश जाणारी होती. तिची सुरुवात सा, ग, रे, म, ग, रे, सा अशी व्हायची, मग ती थोडी वर चढायची आणि कुरकुरत खाली यायची. तिला नाव नव्हतं. बँडच्या कागदांवर नुसते आकडे असत. बा निवृत्त झाला तेव्हा बाजा पलटणीत जमा झाला आणि बा रिकाम्या हातांनी घरी आला. नंतर आई गेली. मग मी नोकरीला इंदूरला आलो, आणि इथे या खोलीत, पिठाच्या गिरणीच्या वर, रात्रंदिवस ती ओळ माझ्या डोक्यात एकटी चालत राहिली. वरची जागा मोकळी ठेवून. दाढी करताना, जिना चढताना, फायलीवर शिक्का मारताना. असं वाटायचं की कुणीतरी पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवलाय आणि पाहुणा येतच नाही. गेल्या दिवाळीला महूला गेलो तर बाला धाप लागत होती. दोन वाक्यं बोलला की तो थांबायचा. त्या दिवशी मला भीती वाटली, की ही ओळ म्हणणारा माणूस आता फार दिवस म्हणू शकणार नाही, आणि तिच्यावर काय होतं ते मला कधीच कळणार नाही. कळणार नसेल तर मी लिहीन. बाचा श्वास टिकतोय तोवर त्याच्या ओळीला कुणीतरी सोबत आणून देईन. म्हणून मी कृष्णरावांच्या दारात गेलो. ते पूर्वी संस्थानच्या बँडचे मास्तर होते. संस्थान गेलं, बँड मोडला, वाजवणारे लग्नाच्या वराती वाजवायला लागले, आणि कृष्णराव स्नेहलतागंजातल्या दोन खोल्यांत एक हार्मोनियम आणि पिवळे पडलेले कागद घेऊन बसले. त्यांच्याकडे दुसरा कुणी शिकायला येत नसे.

शिकणं सोपं नव्हतं. खालची ओळ कायम, तिला हात लावायचा नाही. वरची आपण लिहायची. मी पहिल्या आठवड्यात मोठ्या उत्साहानं बाची ओळ लिहून तिच्यावर ओळ बसवून नेली. सा वर प, ग वर नि, आणि पुढे सगळं तसंच. रात्री हळू आवाजात म्हणून बघितलं होतं आणि मला ते इतकं गोड लागलं होतं की डोळ्यांत पाणी आलं होतं. कृष्णरावांनी लाल पेन्सिल उचलली आणि पहिल्या दोन सुरांवरच आडवी रेघ मारली.

“ये क्या है? दोन पंचम पाठोपाठ?”

“पंचम गोड लागतो, मास्तरजी.”

“गोड लागतो म्हणून तर मना आहे.” ते हार्मोनियमवर दोन बोटांनी सा आणि प धरून बसले. “बघ. इतका जुळतो की वरचा खालच्यात विरघळूनच जातो. एकदा घे, काही हरकत नाही. लगेच दुसरा घेतलास की संपलं. इथे दोन माणसं होती. आता एकच उरला, आणि दुसरी त्याची सावली. सावलीला तू माणूस म्हणशील का?”

मी कागद परत घेतला. पण मला ते लागलं. आमच्या वस्तीत सगळे एका सुरात गात आले. कुणाचा आवाज जरा वेगळा गेला की शेजारचा कोपरानं ढोसतो. चुकलास, सुरात ये. आई होती तोवर तिच्या भजनात तसंच होतं, आणि आता बुद्धवंदना म्हणताना तसंच आहे. एवढी माणसं, पांढऱ्या कपड्यांत, एक आवाज. खरं सांगायचं तर त्या आवाजात उभा असतो तेवढा वेळच मी एकटा नसतो. मग इथे हा म्हातारा म्हणतो की जुळणं पुरे नाही, दुसऱ्यानं दुसरंच राहायला हवं, तो खाली उतरला की आपण वर चढायचं, तो थांबला तरी आपण चालायचं, आणि तरीही भांडण होता कामा नये. हे जमणार कसं? मी रात्री बसून लिहायचो आणि सकाळी बघायचो तर माझी ओळ गुपचूप बाच्या ओळीला जाऊन चिकटलेली. तो वर गेला की मी वर, तो खाली की मी खाली. शेळीमागं करडू. मी खोडायचो. पुन्हा लिहायचो. खालच्या मजल्यावर गिरणी घरघरत असायची आणि कागदावर पिठाचा थर बसायचा. त्या चिकटण्याची मला लाज वाटायची, आणि सोडून वेगळं जायची भीती वाटायची, आणि दोन्हींपैकी कशाचं दुःख जास्त आहे ते ठरत नव्हतं.

‘बौद्ध’ म्हटल्यानंतरच्या रविवारी मी कृष्णरावांकडे जाऊ की नको करत गेलो. पायरीवर चपला काढताना मी स्वतःला बजावलं की काही शोधायचं नाही. आणि आत गेल्याबरोबर शोधायला लागलो. सतरंजी तीच होती. इंदिराबाई दिसल्या नाहीत. चहा आला तो नेहमीपेक्षा उशिरा आला, पण दूधवाला उशिरा आला असेल. कप तोच, निळ्या फुलांचा, कानाला टवका उडालेला. मला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं की हा कप पहिल्यापासूनच माझ्यासाठी वेगळा ठेवलेला नसेल कशावरून? इतके दिवस मी टवक्याकडे लक्षच दिलं नव्हतं. कृष्णरावांच्या कपालाही टवका होता. मी तो बघत असताना त्यांनी मला बघितलं.

“बशी देऊ का?” त्यांनी विचारलं.

“नाही, ठीक आहे.”

मग शिकवणी सुरू झाली, आणि मला जे व्हायला नको होतं तेच झालं. “आता तुझी पहिली जा—” कृष्णराव थांबले. घसा खाकरला. “पहिला प्रकार जवळजवळ बसलाय. दुसऱ्या प्रकारात क्या है की, एकासमोर दोन सूर.” प्रकार! सगळा तासभर ते त्या शब्दाला धरून चालत होते, खड्डा टाळून चालावं तसे. कितीदा तरी ‘जा’ त्यांच्या ओठांपर्यंत येई आणि ते वळून ‘प्रकार’ म्हणत. म्हातारा बिचारा घामाघूम झाला. स्वतः घडवलेला, आयुष्यभर वापरलेला शब्द त्यानं माझ्यासाठी टाकून दिला होता. मला दुखवायचं नव्हतं त्याला. हे मला कळत होतं आणि तरीही, तो जितक्या वेळा वळसा घेई तितक्या वेळा मला वाटे, घ्या, मी पुन्हा उघडा पडलो. शिवी दिली असती तर उलट बोलता तरी आलं असतं. या चांगुलपणाचं काय करायचं? भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं होतं मला.

असे आठवड्यामागून आठवडे गेले. दुसरा प्रकार झाला, तिसरा झाला. थंडी पडली. कृष्णराव शाल पांघरून बसायला लागले. इंदिराबाई पूर्वीसारख्याच कधी असायच्या, कधी नसायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, “महूला कोण कोण असतं?” मी म्हणालो, “वडील, आणि बहीण कांता.” त्या म्हणाल्या, “आई नाही?” मी नाही म्हटलं तेव्हा त्या आत गेल्या आणि वाटीत गुळपापडी घेऊन आल्या. ती मी खाल्ली. त्यात मला काही शोधता आलं नाही, म्हणून ती गोड लागली.

चौथ्याच्या वेळी मात्र मला राहवलं नाही. चौथ्यात वरचा सूर सोडायचा नसतो. खालचा पुढे जातो, वरचा मागचाच धरून राहतो, त्यामुळे टोचतो, आणि टोचून झालं की एक पायरी खाली उतरतो. कृष्णराव ते हार्मोनियमवर दाखवत होते. “हा चौथा… प्रकार,” ते म्हणाले, आणि मी म्हणालो, “मास्तरजी, जात म्हणा. चालेल मला.”

त्यांनी भाता दाबायचा सोडला. सूर विरत गेला. “तुला कसं कळलं?”

“न कळायला काय झालं?”

“मला वाटलं मी बरोबर निभावतोय.” ते खरंच ओशाळले. मग बोटांकडे बघत म्हणाले, “क्या है किसन, त्या दिवशी तू ज्या पद्धतीनं उत्तर दिलंस ना, एकदम उभा राहिल्यासारखं… मी रात्री झोपलो नाही. मी म्हटलं, हा शब्द मी सुरांसाठी आणला. इतकी वर्षं वापरला आणि मला एकदाही तो टोचला नाही. का बरं टोचला नाही?” ते माझ्याकडे बघायला लागले, जणू उत्तर माझ्याकडे असावं. होतं, पण ते इतकं साधं होतं की बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. “नको. प्रकारच बरा,” ते म्हणाले. “सवय होईल मला. तू लक्ष देऊ नको.”

मी लक्ष देणार नाही म्हणालो. आम्ही दोघं त्या हार्मोनियमच्या दोन बाजूंना बसून होतो आणि मला वाटलं की हा माणूस माझ्याहून एकटा आहे. ह्याच्याकडे शिकवायला मी एकच आहे आणि माझ्याशी बोलताना ह्याला आपलेच शब्द वापरता येत नाहीत. पण त्याचा हात हातात घ्यावा इतकी जवळीक आमच्यात नव्हती, आणि ती कशी आणतात ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर बाची ओळ मी पुन्हा काढली. पहिल्यापासून लिहिली. सा वर प, पण मग ग वर वरचा सा. रे वर नि. तो म वर चढला तेव्हा मी ध वर उतरलो. पहिल्यांदाच त्याच्या उलट गेलो आणि काही बिघडलं नाही. पुढे एका जागी सूर अडकवला. ओळ पुरी झाली तेव्हा मी ती घेऊन गेलो. कृष्णरावांनी लाल पेन्सिल हातात धरून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि पेन्सिल खाली ठेवली. मग डाव्या हातानं बाची आणि उजव्यानं माझी अशी ती वाजवली.

“दोष नाही,” ते म्हणाले. मग बाच्या ओळीवर बोट ठेवून, “ही खालची तू कुठून आणलीस?”

“वडिलांची आहे. बँडमध्ये होते. वर काय होतं ते माहीत नाही. तुम्हाला ओळखता येते का?”

त्यांनी पुन्हा वाजवली, मान हलवली. “अशा खालच्या ओळी शेकड्यांनी असतात रे. वरच्यावरून ओळखायचं असतं.” आणि मग इतका वेळ मला न सुचलेली गोष्ट ते सहज बोलून गेले. “त्यांनाच विचार ना. त्यांना ऐकू येत असेल.”

मी पुढच्या रविवारी छोट्या लायनीच्या गाडीनं महूला गेलो. गाडीत कागद एकदाही उघडला नाही, पाठ होता. भीती एकाच गोष्टीची होती, की बा ऐकेल आणि म्हणेल, हे नव्हे. खरी चाल त्याच्या कानात असणार आणि माझी तिच्यापुढे थिटी पडणार. इतकं शिकून मी शेवटी दाराबाहेरच उभा राहणार.

बा अंगणात खाटेवर उन्हाला बसला होता. गेल्या वेळेपेक्षा बारीक झाला होता. खालचे दात गेल्यामुळे हनुवटी वर आली होती. कांताताई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी पाणी प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, “बा, तुझं ते बाज्याचं आहे ना, सावकाशवालं,” आणि सुरुवात म्हणून दाखवली.

“हां, ते.” बाच्या चेहऱ्यावर ओळख आली. “तुझ्या ध्यानात हाय अजून?”

“त्याच्या वर काय वाजायचं?”

“वर?”

“क्लॅरिनेटवाले काय वाजवायचे?”

बानं विचार केला. धाप लागली म्हणून थांबला. “कोण जाणे रे,” तो म्हणाला. “आपली मात्रा चुकली की साहेब काठी रोखायचा. बारा मोजा, मग फुंका. आठ मोजा, मग फुंका. वरचं ऐकायला फुरसत कुणाला? मागं बसायचो आम्ही. एवढा गोंगाट.”

“मग डोळे मिटून काय ऐकायचास?”

“मोजायचो.” तो हसला. “डोळं उघडं ठेवलं की आकडा चुकायचा.”

म्हणजे त्यालाही नव्हती ऐकू येत. इतकी वर्षं मला वाटत होतं की बा आत आहे आणि मी बाहेर. पण आत कुणी नव्हतंच. तो आपला आकडे मोजत एकटा बसलेला होता, परेडवर, अंगणात, आईच्या बोलण्यात, सगळीकडे. मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी चटकन दुसरीकडे बघितलं. मग म्हणालो, “मी लिहिलीय वरची. म्हणू का?”

“तू लिहिली?” बानं ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हण की.”

“तू खालचं म्हण. तुझं.”

त्यानं मांडी सावरली, दोन्ही हात पोटाशी धरले आणि पं, पं करून सुरुवात केली. आवाज फाटका होता, पण सूर जागच्या जागी होते. मी वरून आलो. सा वर प. तो ग वर गेला, मी वरच्या सा वर. दोन आवाज होते. एकात एक मिसळत नव्हते आणि भांडतही नव्हते.

“दोघं दोन काय म्हणताय?” चुलीजवळून ताई म्हणाली. “धड एक तरी म्हणा.”

मधेच बा थांबला. मला वाटलं धाप लागली. पण तो मला खूण करून म्हणाला, “तू म्हण. थांबू नको.” मी शेवटपर्यंत म्हटली. “पुन्हा,” तो म्हणाला. मी पुन्हा म्हटली. त्याचे ओठ हलत होते. “अजून एकदा.” आणि या खेपेला त्यानं माझ्याबरोबर सुरुवात केली, पण स्वतःच्या ओळीवर नाही. माझ्या. जाड, फाटक्या आवाजात तो मी लिहिलेली चाल म्हणायला लागला, माझ्या मागोमाग, सूर सुराला चिकटून. मी थांबलो.

“बा, तू तुझं म्हण ना. खालचं.”

“ते जन्मभर म्हटलं रे,” बा म्हणाला. “आता तू धर ते. मला हे म्हणू दे.”

मी काय करणार? त्या ओळीला सोबत आणायला मी आलो होतो, आणि ज्याची ती ओळ, तोच मागं वळूनही न बघता ती सोडून निघाला होता. मी खाली उतरलो. ती कुणीतरी धरायला हवी होती. बानं वरची उचलली आणि मी पं, पं म्हणू लागलो, आणि लगेच कळलं की हे सोपं नाही. वरची चाल ओढते. तिकडे कान गेला की आपण तिच्यावर जाऊन पडतो. म्हणून मी जमिनीकडे नजर लावली आणि मोजायला लागलो. वर बा म्हणत होता. श्वास तुटत होता, कुठेतरी चुकतही असणार, कुठेतरी माझी नसलेलीच चाल त्यानं घेतली असणार. मला ते ऐकायचं होतं. मला दुसरं काहीही नको होतं, फक्त ते ऐकायचं होतं, आणि ऐकलं असतं तर माझी ओळ सुटली असती.

संपलं तेव्हा बा खोकत होता आणि बोळक्या तोंडानं हसत होता. “कसं झालं?” त्यानं मला विचारलं.

“छान,” मी म्हणालो. मी काहीच ऐकलं नव्हतं. दोन्ही एकत्र ऐकलं असेल तर ते ताईनं. मी तिच्याकडे बघितलं.

“ताई, कसं वाटलं गं?”

ती तव्याकडे वळली. “काय की,” ती म्हणाली. “भाकरी करपली माझी तुमच्या पायी.”

“चल, पुन्हा,” बा म्हणाला, आणि मी खालचा सा धरला.